माझी चाल होती

"ए पोरी, ऊठ. तबक धर जरा. पावण्यांचा सत्कार हाय."

शिरूरची बुद्धिबळ स्पर्धा, शेवटची फेरी. बोलले ते संयोजक सर. हॉलमध्ये मुलगी मी एकटीच. समोर साखर कारखान्याच्या संचालकांचा मुलगा. आम्ही दोघं तोडीस तोड. आधीच्या स्पर्धांतल्या आमच्या तीन डावांत एक त्याचा, एक माझा, एक बरोबरीत. आणि पाहुणे म्हणजे त्याचेच वडील. माझी आई त्यांच्याच शेतात खुरपायला जायची.

ज्याची चाल, त्याचं घड्याळ चालतं. चाल माझी होती. तरी मी उठले. हाक आली की उठायचं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

शाल, नारळ, फेटा. मग भाषण. मी तबक धरून उभी, नजर पटाकडे. पंचही स्टेजवरच, टाळ्या वाजवत. तो मात्र पटाशी बसून होता. त्याला कुणी उठवलं नाही. परत आले तेव्हा माझ्याकडे चाळीस सेकंद उरले होते. वेळ संपली, हरले. पंच म्हणाले, "नियम म्हंजी नियम." वर्षभर चीड गेली नाही. त्यांच्यावर कमी, माझ्यावरच जास्त. उठलेच का मी?

यंदा तीच स्पर्धा दौंडला भरली. शेवटच्या फेरीत पुन्हा तोच समोर. पाहुणेही तेच. संयोजक सरांनी लांबूनच तबक दाखवलं.

"माझी चाल हाय, सर," मी म्हणाले. "ह्याला उठवा. त्याचेच वडील हायेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "लय चढलीया."

 मी घोडा हलवला, घड्याळ दाबलं.

तो डावही हरले. एका प्याद्यानं. हात मिळवताना तो हळूच म्हणाला, "मागच्या टायमाला मी घड्याळ थांबवायला पायजे होतं."

"व्हय," मी म्हणाले. त्याला बरं वाटेल असं काही बोलले नाही.

सोमवारी मुकादमानं आईला शेताच्या बांधावरूनच परत पाठवलं. घरी येऊन तिनं खुरपं कोपऱ्यात टाकलं.

"उठली असतीस तर काय बिघडलं असतं? तशी बी हरलीसच की."

तिच्याकडे बघवेना. पण चुकलं, असं काही तोंडातून निघालं नाही. हरले खरी. पण बसून हरले. पुढच्या वर्षीही पटासमोरच बसणार आहे. तबक धरायला त्यांनी आपल्या घरातलं माणूस आणावं.