अंगठ्याची दोरी

तुळजापूरहून सोलापूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. वाशी तालुक्यातल्या शाळेत मास्तर होता. सोलापुरात नव्यानं डॉक्टरीचं कॉलेज निघालं होतं, तिथं प्रवेशाच्या मुलाखतीला चालला होता. दाढी अर्धीमुर्धी केलेली, डोळे जागरणानं तांबारलेले. मांडीवरचं पुस्तक उघडलं की त्याचा उजवा पाय हलायला लागे, अन् सगळं बाकडं हादरे. मला लई राग आला.

"अहो, बसल्या जागी पाय हलवू नये. घरात दरिद्र येतं."

तो ओशाळला. "सवय लागलीय, काका. रात्री पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधूनच वाचतो. पाय थांबला की धाकटं रडतंय, मग थोरलीबी उठती. बायको दिसभर राबती, तिला कुठं उठवू?"

"अन् नंबर लागला तर?"

"लागला तर पगार बंद. न्हाय लागला तर दोरी हायेच."

थोड्या वेळानं त्याची मान माझ्या खांद्यावर कलली. घसरणारं पुस्तक मी धरलं. पाय झोपेतही हलत होता. सोलापूर येईपर्यंत आमचं बाकडं तसंच हलत राहिलं.