अ‍ॅसिटोनमामांचा लेखी खुलासा

अ‍ॅसिटोनमामा खोलीत येण्याआधी त्यांचा वास येत असे: गोडसर, नाकाला किंचित झोंबणारा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. कुंभारी या जवळच्या गावाहून रोज बसने येत. परीक्षानळ्या धुऊन झाल्या की शेवटचा हात ते अ‍ॅसिटोनचा फिरवीत. हा द्रव पाण्यात मिसळतो, पाण्याला सोबत घेऊन चटकन उडतो आणि नळी कोरडी राहते. तेलकट डागही तो सोडवतो. मी नवी शिक्षिका असताना मामांनी हा गुणधर्म मला समजावून दिला होता. "पान्याशीबी पटतं, तेलाशीबी पटतं. शाळंत असंच ऱ्हावं लागतं की, बाई."

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र त्यांचे कोणाशीच पटत नसे. अ‍ॅसिटोनची वाफ लांबच्या ज्योतीनेही पेट घेते, म्हणून खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा ते न पेटवलेल्या उदबत्त्यांनी करीत. देवाला वास कसा पोचणार, असे एका शिक्षकांनी विचारले, तेव्हा देवाला पुडा हुंगता येतो, असे त्यांनी सांगितले.

त्यांचे गुप्त कार्य मधल्या सुट्टीत चाले. शाळेत नखे रंगवण्यास बंदी होती. लग्नाला जाऊन आलेल्या मुली मामांपुढे रांगेत बसत आणि मामा कापसाच्या बोळ्याने त्यांची नखे साफ करून देत. निवृत्तीला तीन महिने उरले असताना मुख्याध्यापकांनी हे पाहिले आणि शाळेचे अ‍ॅसिटोन कोणाच्या परवानगीने बोटांना लावले, याचा लेखी खुलासा मागितला. मामा हादरले. तेहतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता.

"बाई, शेवटच्या पानाला डाग पडला, तर त्यो कशानं निघंल?"



त्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता. बक्षिसाच्या ढालीचा तुटलेला कोपरा मुख्याध्यापकांनी व्यासपीठावर उभ्या उभ्या, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने स्वतःच जोडला. कोपरा गळून पडला. सरांचा अंगठा आणि तर्जनी मात्र ढालीला पक्की बसली. पाहुणे फाटकाशी आले होते. मी मामांना बोलावले. मामा बाटली घेऊन आले आणि तेवणारी समई पाहून थांबले. ती शांत करून दूर नेईपर्यंत त्यांनी बूच काढले नाही. मग ओला बोळा बोटांभोवती धरून ते स्वस्थ उभे राहिले.

"वढू नगा सर, कातडं यील. ढालीवरची अक्षरं पण जात्याल बगा. लावू का अजून?"

"लावा हो मामा, लावा."

हे वाक्य मामांनी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. काही मिनिटांनी बोटे सुटली. शाळेचे रंगवलेले नावही सुटले. विजेत्या मुलीला ढाल कोरी मिळाली.

संध्याकाळी मामांनी खुलासा तोंडी सांगितला आणि मी तो शुद्ध भाषेत उतरवला: ‘मुलींच्या बोटांना अ‍ॅसिटोन मी विनापरवानगी लावले. मुख्याध्यापकांच्या बोटांना त्यांच्या परवानगीने लावले. सर्व बोटे शाळेचीच आहेत.’ सरांनी तो वाचला, आपल्या लालसर अंगठ्याकडे पाहिले आणि खाली लिहिले: ‘खुलासा समाधानकारक. सेवापुस्तकात नोंद नको.’

मामांनी त्याची प्रत मागून घेतली. निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ त्यांनी मला पिशवीत कोंबू दिले. तो कागद मात्र, शाई केव्हाच वाळलेली असूनही, त्यांनी दोन्ही तळहातांवर आडवा धरून कुंभारीच्या बसपर्यंत नेला.