डॉक्टर बोरसे आणि रंगूनचा ताप

डॉक्टर बोरसे रोग्याची नाडी पाहण्याआधी त्याचं शौचाचं भांडं मागत. ते उजेडात नेऊन, वाकून, अगदी नाक लावून पाहत. देवपूरच्या त्यांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मागच्या दारी जाऊन ओकले. परत आले तर म्हणाले, "किळस घरी ठेवून येत जा, बाई. इथं नुसते डोळे घेऊन या."

लढाईमुळे ब्रह्मदेशातून माणसं पायी परतत होती, ते दिवस. परतलेल्याला ताप आला की गावोगाव हिवताप समजून क्विनाइन देत आणि मोकळे होत. डॉक्टरांना याचा संताप येई. "ताप मी नंतर बघतो. माणूस कोणत्या वाटेनं आला, वाटेत काय खाल्लं-प्यायलं, ते आधी सांगा," असं ते प्रत्येकाला म्हणत.

चाळीसगाव रस्त्यावरच्या एका गावाचा खातापिता शेतकरी एकदा भावासाठी औषध न्यायला आला. भाऊ रघुनाथ रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होता, तोही पायीच परतलेला. "क्विनाइन दिधं, तरी ताप जास नही," तो म्हणाला. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. टांगा बोलावला आणि मलाही सोबत घेतलं.

रघुनाथ गोठ्यात होता. शेणात कुजलेलं गोणपाट, त्यावर तो, आणि अंगावर घोंघावणाऱ्या माश्या. भाकरीची थाळी बांबूनं ढकललेली, तशीच पडलेली. त्याचा सख्खा भाऊ नाकाशी कापूर धरून दाराबाहेर उभा. "घरमा लेकरं शेतस, डाक्टरसाहेब. हात नका लावू!"

डॉक्टर सरळ त्या घाणीत मांडी घालून बसले. उजव्या बरगड्यांच्या मध्ये बोटानं दाबलं, तसा रघुनाथ किंचाळला. खांदाही दुखत होता.

"वाटेत आव पडली होती?"

त्यानं मान हलवली.

"पाणी कुठलं प्यायलास?"

तो रडायलाच लागला. "डबकं व्हतं. तेमा मढं पडेल व्हतं. दुसरं पानीच नव्हतं... पिधं मी."

बाहेर भाऊ पचकन थुंकला. डॉक्टरांनी रघुनाथच्या घामट डोक्यावर हात ठेवला. "जगायचं होतं ना, मग प्यायलास ते बरं केलंस. हा हिवताप नाही. यकृतात पू झालाय."

भावानं बैलगाडी दिली नाही, बाटेल म्हणाला. टांग्यातच मी रघुनाथला धरून बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी बरगड्यांमधून जाड सुई घातली. काकवीसारखा लालसर तपकिरी पू आला, वाडगा भरून. डॉक्टरांनी तो हुंगला. "घाण वास नाही. म्हणजे आवेचाच. वाचेल हा." मग आवेवरच्या एमेटीनची इंजेक्शनं सुरू झाली आणि ताप उतरला.

रघुनाथ हिंडूफिरू लागल्यावर भाऊ आला, जरीचा फेटा बांधून, पेढे घेऊन. गावानं ठरवलं होतं, गोमूत्र शिंपडून घरात घ्यायचं. रघुनाथ म्हणाला, "मी येत नही." त्यानं चाळीसगावला काम शोधलं आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही.

भाऊ डॉक्टरांच्या पायांशी वाकला. डॉक्टरांनी झटकन पाय मागे घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर किळस मी पाहिली ती तेवढी एकदाच.

"बाई," ते म्हणाले, "हे पेढे बाहेर ठेवा."