भाजलं की सगळं जातं

माझ्या सासूबाई, कमल, यांना ‘मला माहीत नाही’ असं म्हणताना कोणीच ऐकलं नव्हतं. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या करमाळ्याकडची ती रीत. बिबट्या कुठल्या वाटेने येतो, ताप कशाने उतरतो, कोणाचं लग्न टिकणार नाही, सगळं आत्यांना ठाऊक. त्यांनी एका शाळेत वर्षानुवर्षं खिचडी शिजवली होती. त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच इलाज होता, पोटभर खायला घाला.

आरेतल्या आमच्या बैठ्या घरात ओटा एक आणि बायका दोन. मी मीठ टाकलं की आत्या चव बघून पुन्हा टाकणार. मी भाजी उतरवली की त्या ती परत गॅसवर ठेवणार. मामंजी होते तोवर बरं होतं, त्यांच्या पथ्यपाण्यात आत्यांचा दिवस जायचा. ते गेले आणि सगळा मोर्चा माझ्याकडे वळला. मीही काही गरीब गाय नाही. रोज भांड्याला भांडं लागायचं. शेवटी माझा नवरा विकी वैतागला. त्याने मागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीची गोल टाकी उभी केली, हवेचा पंप लावला आणि चिलापी माशांची बोटाएवढी पिल्लं सोडली.

“आई, टाकी तुझी. ओटा सपनाचा. आता डोकं खाऊ नका यार.”

आत्या आधी फुगून बसल्या. “मासे पाळायचं वय हाय व्हय माझं?” पण पिल्लांना काही दिवसांत त्यांच्या चपलांचा आवाज कळायला लागला. त्या मागे गेल्या की सगळी वर यायची आणि तोंडं उघडायची. मी गेले तर एक फिरकायचं नाही. विकी दुपारी कँटीनमध्ये जेवतो, रात्री माझ्या हातचं. आत्यांच्या हातचं खाणारे या घरात ते मासेच उरले होते, आणि ते मलाही दिसत होतं, त्यांनाही.

पावसाळ्यात घोळ झाला. माशांच्या खाद्याचं पोतं पडवीत ठेवलं होतं. पाणी कुठून झिरपलं कोण जाणे, गोळ्यांचे गठ्ठे झाले, वर हिरवट बुरशी आली आणि कुबट वास सुटला. दुसऱ्या कोणी पोतं फेकलं असतं. आत्या अन्न फेकत नाहीत. त्यांनी गठ्ठे फोडले, गोळ्या चाळल्या, वस्तीच्या जयंतीच्या जेवणाला लागणारी मोठी कढई काढली आणि सगळं खाद्य मंद आचेवर खमंग भाजलं. घरभर वास.

“भाजलं की सगळं जातं,” त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. पावसाळ्यात मी रवा तसाच भाजून ठेवते, बेसन तसंच. आत्यांच्या ज्या मोजक्या गोष्टी मला पटायच्या त्यातली ही एक.

मासे आवडीने खात होते. आणि मग काय झालं ते आम्हाला कळेना. सगळे एकदम मेले असते तर निदान विषय संपला असता. तसं नाही. ते वाढायचे थांबले. काही सुस्त होऊन कडेला लागायचे. काहींच्या पराखाली लाल डाग आले. एक मेला, मग दोन दिवस काही नाही, मग तीन एकदम.

शेजारचे दत्तारामकाका कणकवलीचे. चिलापीला ते मासा मानत नाहीत, पण सल्ला द्यायला येतात. “पाण्यात कायतरी आसा गो,” ते म्हणाले. पाणी बदललं. त्या गडबडीत दोन दिवस मासे उपाशी राहिले आणि जरा हुशारलेही. सुटलो म्हणालो. आठवड्यात पुन्हा तेच. मग पलीकडच्या गोठ्यातून वाहत येणाऱ्या पाण्यावर संशय. मग पंपावर. मग माझ्यावर, मी जवळच ब्लीचिंगने मोरी धुतली होती म्हणून. त्यावरून आमचं असं वाजलं की दत्तारामकाका चहा अर्धा टाकून पळाले.

दृष्टबिष्ट मानणाऱ्यांना आत्यांनी जन्मभर झोडपलेलं. एकदा मी मागे गेले तर त्या मूठभर मीठमिरच्या टाकीवरून ओवाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, “काय बघतीस? काही सुचंना म्हणून करतीय.” मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्यांच्या.

जितके मासे अशक्त, तितकी आत्यांची मूठ मोठी. “पोटात चार घास गेले की तरतरी येईल.” त्या पोत्यातलं संपत आलं तसं त्यांनी उरलेलं आणखी खरपूस भाजलं.

शेवटी दत्तारामकाकांनी पुतणीला बोलावलं. श्रुतिका माशांचंच शिकते, वर्सोव्याला. तिने टाकीतलं पाणी तपासलं, ते ठीक निघालं. मग तिने एक मासा माझ्या ओट्यावर चिरला आणि आतला एक भाग चिमट्याने उचलून दाखवला.

“हे लिव्हर. लालसर तपकिरी असायला हवं. हे बघा, पिवळट, सुजलेलं, हात लावला तर तुटतंय. आजी, खायला काय घालता?”

आत्यांनी अभिमानाने स्टीलचा डबा उघडला. श्रुतिकाने वास घेतला. “छान आहे वास. आधी ओलं झालं होतं?”

तिने मूठभर खाद्य तपासायला नेलं. निकाल आला तेव्हा ती पुन्हा आली आणि ओट्याजवळ स्टुलावर बसून सावकाश सांगू लागली. बुरशी भाजल्यावर मरते. पण मरायच्या आधी तिने खाद्यात विष सोडलेलं असतं. ते घरच्या आचेवर पुरतं जात नाही. रोज थोडं थोडं पोटात जातं आणि लिव्हर बिघडवतं. अंगात ताकद राहत नाही, मग कुठलाही आजार धरतो. हे मासे खाऊ नका, आणि ते खाद्य आजच बंद करा.

“अगं पण मी भाजलं होतं,” आत्या म्हणाल्या.

“हो आजी. तरी.”

“अन् ते आवडीनं खात होते.”

“त्यांना कळत नाही. त्या विषाला वास नाही, चव नाही. आपल्यालाही नाही कळणार.”

“मग कळायचं कसं?”

“ओलं होऊन बुरशी धरली की टाकून द्यायचं.”

“टाकून?” आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी श्रुतिकाकडे बघितलं. तिला बिचारीला वाटलं, आम्हाला समजलं नाही. समजलं होतं. पण मग आयुष्यभर आम्ही जे जे भाजून वाचवलं होतं, त्याचं काय, हे तिला कोण विचारणार?

विकीने नवीन खाद्य आणलं. चपलांचा आवाज ऐकून उरलेले मासे वर आले, तोंडं उघडून उभे राहिले. आत्यांनी मूठ भरली, नाकाशी नेली, पुन्हा पोत्यात रिकामी केली. “विक्या, तूच टाक रं.” तो टाकत होता आणि त्या नुसत्या उभ्या होत्या, कुठे उभं राहावं ते न कळल्यागत. मासे खात होते. त्यांना कोणाच्याही हातचं चाललं.

काल मी चटणीला शेंगदाणे निवडत होते. आत्या ओट्यापाशी आल्या. आता मीठ टाकतील, तिखट वाढवतील म्हणून मी तोंड तयार ठेवलं. त्यांनी एक दाणा उचलला, उजेडात धरला, वास घेतला आणि ताटात ठेवला.

“सपने, हे चांगलेत का गं? मला नाही कळत. तूच बघ.”

लग्न झाल्यापासून हे ऐकायला मी थांबले होते. माझा ओटा, माझा शब्द शेवटचा. पण मला अजिबात आनंद झाला नाही. वाटलं, यांनी आत्ता कढई ओढून घ्यावी, मला चार शब्द सुनवावेत.

“चांगलेत ना आत्या,” असं म्हणायला मी तोच दाणा उचलला आणि वास घेतला. छान होता वास. पण वास तर त्या खाद्यालाही छान होता; मी दाणा पुन्हा ताटात ठेवला. ताट मध्ये ठेवून आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.