क्रोमियमबाई

प्रयोगशाळेत तिला सगळे क्रोमियमबाई म्हणत, आणि ते नाव तिला मनातून आवडायचं. वाळूच्या खडकाची पूड करून त्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते तपासायचं, आणि ती वाळू मुळात कुठल्या डोंगराची झीज होऊन आली ते ओळखायचं, हे तिचं काम. नदीकाठच्या तांबूस खडकात तिला भरपूर क्रोमियम सापडलं होतं. ते काळ्या, जड खडकात असतं, ग्रॅनाइटमध्ये नावापुरतं. म्हणजे वाळू काळ्या डोंगराचीच.

तिच्या सरांनी मात्र ती ग्रॅनाइटची असल्याचं उभा जन्म शिकवलं होतं. भरसभेत ती म्हणाली, "सर, नुसतं भिंगातून बघून खडक ओळखायचे दिवस गेले आता." सभा हसली. सरही हसले, जरा उशिरानं.

पुढे एका दुपारी दळणयंत्राचं भांडं साफ करायला तिनं त्यात पांढरीशुभ्र गारगोटी दळली आणि सहज ती पूडही तपासली. गारगोटीत क्रोमियम! भांडं पोलादी होतं, तिनंच हट्टानं मागवलेलं. दळताना पोलाद खरवडून पुडीत उतरत होतं, आणि त्या पोलादातच क्रोमियम होतं. तिनं तांबूस खडक अकीकाच्या, म्हणजे क्रोमियम नसलेल्या कठीण दगडाच्या खलात हातानं कुटला. क्रोमियम गायब. ग्रॅनाइटच.

घरी तिला घास गिळवेना. नवऱ्यानं विचारलं तेव्हा "पित्त झालंय" म्हणाली. गप्प बसले तर कुणाला कळणार आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचीच तिला जास्त शरम वाटली.

ती सरांकडे गेली. सर खुर्चीत नुसतेच बसले होते.

"ये. या खडकांवरचं पुस्तक छापायला दिलं होतं ना, ते परत मागवलं मी. तुझे आकडे पाहिल्यावर चुकीचं कशाला मागे ठेवायचं?"

"सर, चूक माझी होती. ते क्रोमियम भांड्यातलं होतं."

सरांच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "म्हणजे यांचं बरोबर होतं? अगं, हे धड जेवत नव्हते, माहितेय तुला?"

"राहू दे गं," सर म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "भांडं कुठल्या पोलादाचं? इतरांनाही सांगायला हवं."

तिला वाटलं, यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या सभेत तिनं उभं राहून सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. पुस्तक छापून आलं. नवऱ्यानं प्रस्तावना उघडून कौतुकानं वाचायला घेतली, "माझ्या विद्यार्थिनीच्या प्रामाणिकपणामुळे..."

ती उठली, मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.