दमणची बियर आणि जावयाची टोपी

नातीचं, म्हणजे माझ्या लेकाच्या मुलीचं, लग्न तोंडावर आलं आणि आमचे जावई प्रकाशराव म्हणाले, मी येणार नाही. ते नाही तर माझी लेकही नाही. मग मी हळदीला कोणत्या तोंडानं बसू? म्हणून दमणला जायचं ठरलं.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी इथंच, सुरतेच्या उधन्यात, नातवाची हळद होती. तिथं माझा सुनील आणि जावई यांनी एकमेकांची कॉलर धरली. गुजरातेत दारूबंदी, तरी मोहाची कुठून आली ते मला विचारू नका. दोघांचं म्हणणं मात्र एकच, भांडलो आम्ही नाही, मोहाची भांडली. सुनील सांगतो, "आई, मोहाची डोक्यात जाते, रम रडवते, बियरनं माणूस गाय होतो." दमणला बियर उघड मिळते. तिथं बसले की समेट. मी म्हटलं, मलाही न्या, समुद्र बघायचाय.

जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. स्टेशनाबाहेर गरम लोचो खाऊन घ्या, शेव जास्त मागा. वापीला उतरून रिक्षा, भाडं आधीच ठरवा. सुनील पुढं बसला, जावई मागं, मध्ये मी आणि लेक. रिक्षावाला म्हणे, "बा, बियर तो ठंडी चीज, गुस्सो नहीं आवे." स्वतः पितो का विचारलं, तर नाही म्हणाला.

दमणच्या जांपोर किनाऱ्यावर काळी वाळू, सुरूची झाडं. ओहोटी होती, समुद्र आम्हाला बघून लांब जाऊन बसलेला. भरतीची वेळ विचारून जा.

हॉटेलात बाटल्या आल्या. वेटरला म्हटलं, "बाबा, तू रोज बघतोस, कोणती पिऊन भांडतात रे?" तो म्हणाला, "माजी, हम बोतल नहीं देखते. साथ में कौन बैठा है देखके काच की प्लेट उठाते हैं."

मी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. मागच्या हळदीत सगळ्यांना दिली होती, व्याह्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा. घरचा जावई तेवढा राहून गेला. मला तेव्हाच दिसलं होतं, पण सगळे मोहाचीला शिव्या देण्यात गुंतलेले.

"सुनील, दे दाजींना."

त्यानं दिली, पाया पडला. जावयांनी तिथंच टोपी घातली. "उशिरा आली, पण मापाची आहे," म्हणाले. लेक रडायला लागली, तिनं तर लिंबूसोडा घेतला होता. बाटल्या उघडल्या त्यानंतर.

येताना पिशवीत बाटली ठेवू नका, हद्दीवर तपासतात. सुनील गाडीभर सांगत होता, "बघ आई, बियरचा गुण." मी म्हटलं, "हो बाबा."

लग्न झालं. हळदीला पहिली टोपी मी जावयांना द्यायला लावली. नंतर दोघं कुठं गायब झाले आणि मोहाचीच पिऊन आले. आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि रात्रभर गाईसारखे.

सकाळी सुनील म्हणाला, "आई, हे मोहाचं झाडच वेगळं असेल."