साठच्या वर नाही

अँब्युलन्सच्या स्टँडवर तिला सगळे हळूबाई म्हणायचे, तेही तोंडावर. ती चिडायची नाही. "माझ्या पेशंटनं अजून तक्रार केलेली नाही," एवढंच म्हणायची. "करणार कशी? अजून रस्त्यातच असेल!" कुणीतरी टोला हाणायचं आणि हशा पिकायचा.

आधी नऊ वर्षं तिनं दुधाचा टँकर चालवला होता. अर्धा भरलेला टँकर म्हणजे मस्तवाल जनावर. ब्रेक दाबला की आतलं दूध पुढे धावतं आणि अख्खी गाडी ढकलतं. तेव्हापासून मागे काय चाललंय ते तिला पाठीनं कळायचं.

त्या दुपारी मागे एक रंगारी होता. परांचीवरून पडलेला, मानेचं हाड मोडलेलं, डोकं पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. हातपाय मात्र अजून हलत होते. त्याच्याजवळ सिस्टर बसली होती. निघताना डॉक्टर खिडकीत वाकले. "चारच्या आत पोचवा, तिकडे ऑपरेशनची तयारी झालीय. पण साठच्या वर जायचं नाही. एक हिसका बसला तर माणूस जन्माचा अंथरुणाला खिळेल."

दोन वाजले होते आणि अंतर शंभर किलोमीटर. जमणार होतं, पण जेमतेम.

शेजारी रंगाऱ्याची बायको पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

"ताई, वेगाच्या पाटीवर शंभर लिहिलंय."

"बघितलं."

"मग?"

"पाटी रस्त्याची आहे. मागच्याची पाटी साठ."

"अहो, ट्रकवालेसुद्धा आपल्याला मागे टाकून चाललेत!"

"जाऊ देत. त्यांच्या ट्रकात सिमेंट आहे."

बाईच्या हातातला फोन खणखणला. पलीकडे दीर होता, मागून स्वतःच्या गाडीनं येणारा. आवाज असा की स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"वहिनी, ती बाई झोपलीय का? सायरन काय शोभेला लावलाय? मी पुढे होतो, रस्ता मोकळा करतो. तिला म्हणावं, माझ्या मागे चिकटून राहा!"

"त्यांना मागेच राहू दे म्हणावं," हळूबाई म्हणाली. पण फोन बंद झाला होता.

दिराची गाडी सुसाट पुढे गेली. दिवे चालू, हॉर्न चालू आणि खिडकीबाहेर हात: या, या! ही काही जवळ येईना, म्हणून त्यानं वेग कमी केला. हिनंही केला. काटा पंचावन्नवर, मग पन्नासवर उतरला. जेमतेम मिनिटं हाती असताना हा शहाणा त्यातलीच खात होता! कपाळावरचा घाम तिच्या डोळ्यांत उतरला, पण स्टिअरिंगवरचा हात तिनं काढला नाही.

आणि एक ट्रक न बघता त्याच्यासमोर आला. दिरानं करकचून ब्रेक दाबला.

"ताई, ब्रेक!" बाई किंचाळली.

हळूबाईनं ब्रेकवर पाय नुसता टेकवला. गिअर एक खाली, मग आणखी एक. इंजिन कण्हलं. दिराच्या गाडीचे लाल दिवे अंगावर येत होते. तिनं स्टिअरिंग कडेच्या मोकळ्या पट्टीकडे वळवलं, इतकं सावकाश की बाईला वाटलं, आता आपटतोच. वीतभर अंतरानं गाडी निसटली. खडी चरचरली आणि चाकं पुन्हा डांबरावर आली.

मागच्या काचेवर सिस्टरनं टकटक केली.

"सिस्टर?" हळूबाईनं मान न वळवता विचारलं. "हिसका बसला?"

"थांबा, बघतेय." मागे चादर सरकल्याचा आवाज आला. "पाय हलवतोय. दोन्ही. आणि विचारतोय, गाडी कोण चालवतंय म्हणून."

बाईनं डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"भावजी, गपचूप मागे या. मागे म्हणजे मागे. पुन्हा पुढे दिसलात, तर माझ्याशी गाठ आहे."

मग सीटवर सरकून ती काट्याकडे टक लावून बसली. उतार लागला तशी ती म्हणाली, "ताई, बासष्ट झालेत."

हळूबाईनं पाय उचलला.

चाराला आठ मिनिटं कमी असताना गाडी हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरली.